फळीची जाडी

मामाचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत लेझर कटर. चष्म्यांवर घर चालायचं, लेझरवर मामाचा रुबाब. ते मशीन आल्यापासून नात्यातलं एकही घर त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं. कुणाच्या दारावर, कुणाच्या किल्लीला, कुणाच्या पेनांच्या डब्यावर त्याने नावं कोरून दिली होती, तीही न मागता. त्याची थोरली बहीण, ताई, पाहुण्यांना सांगायची, "याच्यासमोर फार वेळ बसू नका, कपाळावर नाव कोरेल."

त्यामुळे भाचीने प्राण्यांचा दवाखाना काढायचं ठरवलं तेव्हा पाटी कोण करणार हा प्रश्नच नव्हता. फळी मात्र दाजींची. दाजी म्हणजे ताईचा नवरा, जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. अलीकडे त्यांचे हात थरथरायला लागले होते. पेला उचलला की पाणी सांडायचं, सदऱ्याची बटणं ताई लावून द्यायची. अक्षरं कोरणं आपल्याच्याने होणार नाही हे त्यांनी आपण होऊन सांगून टाकलं. "रंधा तेवढा मी मारतो," म्हणाले. मग परसातल्या शेडमध्ये रोज थोडं थोडं, दमलं की थांबत, त्यांनी एका जुन्या कपाटाच्या दाराची फळी लेकीसाठी तासून काढली. मामाच्या हातात देताना म्हणाले, "बघ रे, जमलीय का. आता माझा माझ्यावर भरवसा नाही."

मामाने फळी काखेत मारली. "अहो दाजी, मशीन आहे ते. सगळं सांभाळून घेतं."

भाची म्हणाली, "मामा, आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर करून बघशील?"

"मला शिकव आता तू," मामा म्हणाला आणि हसत हसत निघाला.

खरं तर मशीन काही सांभाळून घेत नाही. आत ठेवलेली वस्तू किती जाड आहे ते त्याला सांगावं लागतं. त्या आकड्यावरून लेन्स किती उंचीवर थांबायची ते ठरतं, आणि किरण नेमका लाकडाच्या पृष्ठभागावर टोकदार होतो. जाडी चुकली की तोच किरण पसरट होतो, कोरायच्या ऐवजी नुसता भाजत सुटतो. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय का?" विचारणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जाडी मोजायचा कॅलिपर तर टेबलावरच पडलेला होता.

पण दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. मामाने फळी आत ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं आणि पुढे जाऊन एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत बसला. परत येऊन झाकण उघडलं तर भाचीचं नाव फळीवर तव्यावर करपल्यासारखं उमटलेलं. अक्षरं सुजलेली, कडांना तपकिरी डाग, खोली काहीच नाही. मामाने पडद्याकडे पाहिलं. जाडीच्या चौकटीत आदल्या दिवशीच्या किल्लीला लावायच्या बिल्ल्यांचा आकडा तसाच होता. पातळ प्लायवूडचा. दाजींची फळी करंगळीएवढी जाड होती.

आपण मोजलंच नाही. दुसरं काही नाही, नुसतं मोजलं नाही.

संध्याकाळी ताईकडे जाताना त्याने मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. सरळ सांगायचं, माफी मागायची. पण दारातच भाची मोबाईल सरसावून फोटो काढायला उभी, ताई पदराला हात पुसत आलेली, दाजी खुर्चीतून अर्धवट उठलेले. सगळ्यांच्या नजरा पिशवीवर. मामाने फळी बाहेर काढली आणि कुणी काही बोलायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "फळीची जाडी सगळीकडे सारखी नाहीये. लेझरला एवढासुद्धा फरक चालत नाही हो."

भाचीने मोबाईल खाली घेतला. दाजींनी आपला उजवा हात डाव्या हाताखाली घेतला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "तुझी मेहनत फुकट घालवली मी."

तिथेच बोलायला हवं होतं. तेव्हा दोन शब्दांत निभावलं असतं. मामा म्हणाला, "जाऊ द्या हो दाजी, वयाचं आहे." आणि काळं साफ होतंय का बघतो म्हणून फळी परत घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्याने फळीला कॅलिपर लावला. त्याला काय हवं होतं ते सांगायचीही लाज वाटते. फळी वाकडी निघावी असं त्याला वाटत होतं. कुठेतरी थोडी खोल, कुठेतरी थोडी फुगलेली, म्हणजे खोटं निदान अर्धं तरी खरं ठरलं असतं. त्याने चारही कोपरे मोजले, मध्ये मोजलं, कडेकडेने सरकत मोजलं. सगळीकडे आकडा एकच. ज्या हातांना पेला पेलवत नव्हता त्या हातांनी फळी तंतोतंत सपाट केली होती. मामाने ती कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

दवाखान्यावर प्लॅस्टिकची छापील पाटी लागली. मामा उद्घाटनाला गेला, पेढ्यांचं तबक धरून हसत फिरला, दाजींच्या शेजारची खुर्ची तेवढी टाळली. त्यानंतर ताईचा फोन आला की तो लगेच उचलायचा नाही. ताई सांगायची, हे शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत. लेकीच्या टेबलाचा पाय हलतोय म्हटलं तर म्हणाले, सुतार बोलाव. हे ऐकून मामा "हं, हं" करायचा आणि गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवायचा.

मग एकदा दाजींनीच फोन केला. "माझी हत्यारं घेऊन जा. तुला छंद आहे, कामी येतील. इथे पडून गंजण्यापेक्षा बरं."

मामा गेला तेव्हा दाजी रंधा जुन्या चादरीत गुंडाळत होते. गाठ काही बसत नव्हती. ताई समोर उभी राहून मुद्दाम मदत करत नव्हती. मामाने पिशवीतून फळी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"दाजी, फळी सरळ आहे."

"असू दे रे. मला बरं वाटावं म्हणून नको बोलूस."

"नाही हो. मी जाडी मोजलीच नव्हती. आदल्या कामाचा आकडा तसाच राहिला होता. हे सगळं माझ्यामुळे जळलं. मी खोटं बोललो." त्याने खिशातून कॅलिपर काढला. "हे घ्या, तुम्हीच मोजा."

दाजींनी कॅलिपर घेतला नाही. त्यांनी तळहात फळीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेला. हात थरथरतच होता. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मामाला बघवेना. शिवी हासडली असती तरी चाललं असतं.

"अगं, ऐकलंस का?" ते ताईला म्हणाले, जणू ती तिथे नव्हतीच. "सरळ होती फळी! सरळ होती!" चादर तशीच टाकून, रंधा आणि फळी छातीशी धरून ते शेडकडे निघालेसुद्धा. लेकीला फोन लाव म्हणून आतूनच ओरडले.

मामा आणि ताई समोरासमोर राहिले.

"तेव्हाच का नाही बोललास?"

"लाज वाटली गं, ताई."

"तुला लाज वाटली," ताई म्हणाली, "म्हणून ती तू त्यांच्या अंगावर टाकलीस. रोज सकाळी उठून आपले हात बघत बसायचे ते. मी समोर बसून बघायचे."

शेडमधून रंध्याचा आवाज सुरू झाला, मध्येच अडखळला, पुन्हा सुरू झाला. ताई आत वळली. नेहमीसारखं "बस, चहा टाकते" ती म्हणाली नाही, आणि मामा तिथेच उभा राहिला.