दुसऱ्या झटक्यानंतर फेरविचार

दिनकररावांनी स्वतःच्या हृदयाचीही फाइल केली होती, हे कळलं तेव्हा कुमुदिनीचं डोकं सणकलं.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांच्याबरोबर तीस वर्षं काढलेल्या बाईला फायलींचं कसलं नवल? गिझर बिघडला तरी हा माणूस आधी टिपण लिहायचा, मग प्लंबर बोलवायचा. पण ही फाइल जिवाची होती.

दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला, तेव्हा त्यांच्या छातीत मशीन बसवलं होतं. ठोके बेफाम सुटले की ते आतून झटका देऊन त्यांना ताळ्यावर आणायचं. जुलैत भाजीच्या गाडीपुढे टोमॅटो निवडताना तो झटका बसला. गाढवाने छातीत लाथ घालावी तसे दिनकरराव कोलमडले. टोमॅटो रस्ताभर. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, अॅब्लेशन करून घ्या. मांडीच्या शिरेतून तार हृदयापर्यंत न्यायची आणि जुन्या व्रणातली ठोके बिघडवणारी जागा जाळून टाकायची.

"खर्चाला ऑफिसची परवानगी येऊ दे," दिनकरराव म्हणाले होते. दोन महिने ती येतच होती.

आज गॅसचं पुस्तक शोधताना कपाटातल्या एका फाइलमध्ये ती सापडली. ऑगस्टमध्येच आलेली. तिच्याखाली टाचणी लावलेला कागद, त्यावर सुवाच्य अक्षरात: 'आजवर झटका एकच. दुसऱ्या झटक्यानंतर फेरविचार करावा.'

सरकारी माणूस घाबरला तरी 'भीती' असं लिहीत नाही, 'फेरविचार' लिहितो. मेला तरी टिपणात 'विलंब झाला' एवढंच येईल!

ती कुणाला न विचारता फाइल काखेत मारून हॉस्पिटलात गेली.

"आंटीजी, मशीन गिरने के बाद उठाती है, गिरने से रोकती नहीं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दस झटकों के बाद लाओगे तो दिल थक चुका होगा. अभी ताकत है."

"खतरा?"

"है. झूठ नहीं बोलूंगी. पर इनके केस में रुकने का खतरा ज्यादा है."

मंगळवार ठरवूनच ती घरी आली. दिनकरराव चहा पीत होते. तिने त्यांच्याच खिशातलं पेन उपसलं, टिपणाखाली लिहिलं, 'मंजूर. मंगळवार, सकाळी आठ.' आणि फाइल त्यांच्यापुढे आपटली.

"अगं, हे कुणाच्या अधिकारात?"

"तीस वर्षं तुमचा डबा भरणारीच्या! दोन महिने खोटं बोललात माझ्याशी. दुसरा झटका तुम्हाला फेरविचाराला सवड देणार होता होय?"

"मशीन आहे ना, यार..."

"यार ऑफिसात म्हणा."

त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "कुमुद, टेबलावरून उठलोच नाही तर?"

"आणि त्या भाजीच्या गाडीपुढून उठला नसतात तर?"

त्यांनी पेन घेतलं आणि तिच्या ओळीशेजारी आपली छोटी सही केली, वरिष्ठांच्या आदेशावर करतात तशी.

मंगळवारी चार तास लागले. बाकड्यावर बसून कुमुदिनीने आपल्या नवऱ्याला, त्याच्या ऑफिसला आणि जगातल्या तमाम टाचण्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. शिव्या संपल्या, तेव्हा तिला रडू येऊ लागलं. तेवढ्यात डॉक्टरीणबाई टोपी काढतच बाहेर आल्या.

"जहां से गडबड थी, जला दिया. बाद में दिल को बहुत छेड़कर देखा. अब नहीं भागता."

"पक्कं?"

"आगे भी चेकअप के लिए लाना पड़ेगा. पर आज बहुत अच्छा हुआ, आंटीजी. टाइम पे ले आईं."

आत दिनकरराव पाय सरळ ठेवून पडले होते. तोंड कोरडं, पण रंग माणसासारखा.

"फाइल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे. आता माझ्याचकडे राहणार. पाय हलवू नका."

"बरं," ते म्हणाले. इतक्या मुकाट्याने त्यांनी आजवर कधीच काही ऐकलं नव्हतं.

ते झोपल्यावर ती खाली कँटीनमध्ये गेली. दोन ब्रेड पकोडे घेतले, चटणीत बुडवून उभ्यानेच खाल्ले. मग तिसरा मागितला.