भोइटेबाईंचा जुना वर्ग

"भोइटेबाई, तुम्ही माझी चांगलीच पंचाईत केलीत!" असं म्हणत लक्ष्मीकांत टेंब्यांनी परीक्षेचे कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर टाकले. चेहरा मात्र पंचाईत झालेल्या माणसाचा नव्हता. "तुमचा वर्ग आणि राजलक्ष्मीबाईंचा वर्ग, दोन्ही बरोबरीत. तोंडी परीक्षेत तर तुमच्या मुली कणभर पुढेच."

"काहीतरीच काय, टेंबेसाहेब. पुन्हा एकदा बघा न," शालिनीताई भोइटे म्हणाल्या.

"बघून चुकलो. दोनदा. मी निघालो होतो नवी पद्धत श्रेष्ठ आहे हे सिद्ध करायला, आणि आता लिहावं लागणार की जुनीही तितकीच चांगली. भोपाळला नवा अभ्यासक्रम बनतो आहे, तिथे माझा हा प्रबंध मागवला आहे."

मुख्याध्यापिका सुधाताईंनी लगेच चहा सांगितला. "आता तुम्हाला लश्कर शहरातून कोण हलवतं ते मी बघते," त्या म्हणाल्या. "यादी आली की हाच निकाल पुढे करून टाकीन."

ते दिवस बदल्यांच्या यादीचे होते. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश झाला होता. राजधानी भोपाळला गेली, कचेऱ्यांची कपाटं ट्रकांत चढली, आणि लश्करातल्या घराघरांत कुणाला कुठे टाकणार याच गप्पा चालल्या होत्या. मराठी शाळांतल्या जादा शिक्षिका बाहेरगावी पाठवणार, असं सगळे म्हणत होते. शालिनीताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते. त्यांना घेऊन परगावी बिऱ्हाड करणं त्यांना अशक्यच वाटत होतं. बरोबरीचा निकाल ऐकून त्यांना भर कचेरीत रडू यायचंच बाकी राहिलं.

टेंबे अलाहाबादेहून इंग्रजी शिकवण्याची नवी रीत शिकून आले होते. जुलैत त्यांनी या शाळेच्या सहावीचे दोन वर्ग निवडले. एकात राजलक्ष्मीबाईंनी नव्या रीतीने शिकवायचं. मराठीचा एक शब्द उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, वाक्य बोलायचं आणि मुलींकडून बोलून घ्यायचं. दुसऱ्यात शालिनीताईंनी नेहमीसारखंच शिकवायचं. धड्यातली ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, मुलींनी तो पाठ करायचा. "तुम्ही काहीसुद्धा बदलायचं नाही," टेंब्यांनी बजावलं होतं. "तुमचा वर्ग जसा आहे तसा राहिला तरच नव्या पद्धतीचं माप कळेल."

न बदलणं शालिनीताईंना मुळीच अवघड नव्हतं. नवरा रिसाल्यात होता, तो घोड्यावरून पडून गेला. त्यानंतर ट्रेनिंग करून त्या शाळेत लागल्या, तेव्हापासून त्या अशाच शिकवत आल्या होत्या. आत्ताच्या काही मुलींच्या आयांनीही त्यांच्याच हाताखाली धडे घोकले होते. एक गोष्ट मात्र बाईंनी कुणाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. स्वतःचं असं एकही इंग्रजी वाक्य त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. पुस्तक उघडं असलं की खणखणीत वाचायच्या. पुस्तक मिटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

नवरात्र आलं आणि शाळेत भोंडला सुरू झाला. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खाऊ कोणता ते ओळखायचं. या खाऊला खिरापत म्हणतात, आणि मुलींचा अर्धा जीव गाण्यांपेक्षा त्या डब्यातच असतो. विधवा म्हणून शालिनीताई फेरात जात नसत. त्या डबा मांडीवर घेऊन कडेला बसायच्या.

पहिल्याच दिवशी राजलक्ष्मीबाईंच्या मुलींनी कहर केला. खिरापत त्यांनी चक्क इंग्रजीत विचारली. "इज इट स्वीट?" "इज इट राउंड?" शालिनीताईंच्या मुली मूग गिळून उभ्या राहिल्या. लाडू नव्या वर्गाने ओळखला आणि वर "जुना वर्ग, जुना वर्ग" म्हणून टाळ्या पिटल्या. विमल पवार नावाची मुलगी वाट्याचा लाडू हातात धरून तशीच उभी होती. तिने तो खाल्ला नाही.

शालिनीताईंना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात जाहीर केलं, "आजपासून आपला भोंडला माझ्या घरी, अंगणात. आणि खिरापत इंग्रजीत विचारायची. मराठीत विचारेल तिला मिळणार नाही."

"पण बाई, आम्हाला तर बोलता येतच नाही न," विमल म्हणाली.

"धडे पाठ आहेत ना? त्यातलंच उलटंसुलटं करून विचार."

बाईंना स्वतःला काही बोलायचंच नव्हतं. डबा घट्ट धरायचा आणि "येस" नाहीतर "नो" म्हणायचं, एवढंच. सुरुवातीला गाडी स्वीटच्या पुढे सरकेना. पण डब्यात काय आहे हे मुलींना खरंच माहीत नव्हतं आणि तुपाचा वास तर नाकात शिरत होता. मग हळूहळू तोंडं उघडली. व्याकरणाची दाणादाण उडत होती, पण कुणाला त्याची पर्वा नव्हती. एक दिवस विमलने विचारलं, "डिड यू फ्राय इट, बाई?" आणि करंजी ओळखली म्हणून अंगणभर नाचली. गल्लीतल्या हिंदी घरच्या मुली झांझी घेऊन, म्हणजे दिवा ठेवलेली भोकाभोकांची मडकी घेऊन, दारोदार गात हिंडायच्या. त्यासुद्धा "हमें भी पूछना है" म्हणत घुसल्या. नवरात्र संपलं तरी मुली ऐकेनात. कोजागिरीपर्यंत बाईंचं स्वयंपाकघर थंड झालं नाही.

वर्गात बाईंनी पूर्वीच्या पद्धतीत तसूभरही बदल केला नव्हता. अंगणातला खाऊ म्हणजे शिकवणं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. भोंडला तो भोंडला.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्यांनी सासऱ्यांना बातमी सांगितली. मानसिंगराव उशीला टेकून बसले आणि मिशीला हात लावत म्हणाले, "वा, सूनबाई! होणारच होतं. काय तो गलबला करायच्या पोरी अंगणात! संध्याकाळची झोप हराम करून टाकली. शेवटी शेवटी तर मला पण समजायला लागलं होतं न, काय विचारतात ते."

शालिनीताईंचा हात लाटण्यावर थांबला. तव्यावरची पोळी करपली तरी त्यांना पत्ता नव्हता. मुली इंग्रजी बोलायला शिकल्या त्या वर्गात नव्हे, अंगणात.

त्यांना एकदम उषा आठवली. त्यांचीच हुशार विद्यार्थिनी, आता मुरारच्या दवाखान्यात नर्स होती. मागे नई सडकेवर भेटली तेव्हा म्हणाली होती, "बाई, डॉक्टर इंग्रजीत विचारतात तर मला सगळं समजतं. पण तोंडच नाही उघडत. मग ते दुसऱ्या सिस्टरला बोलावून घेतात." तेव्हा त्यांनी तिची समजूत घातली होती. आज मात्र त्यांना भयंकर शरम वाटली. टेंबे लिहिणार होते की भोइटेबाईंची पद्धत चांगली आहे. म्हणजे साऱ्या नव्या राज्यात अशा उषा तयार होत राहणार. आणि तसं लिहिलं गेलं नाही, तर इतकी वर्षं आपण केलं ते काय, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागणार. बदलीचं भय त्यापुढे काहीच नव्हतं.

सकाळी त्या सरळ सुधाताईंच्या खोलीत गेल्या. टेंबे तिथेच होते.

"टेंबेसाहेब, माझा वर्ग तुमच्या प्रबंधातून काढून टाका," त्या म्हणाल्या आणि भोंडल्याची सगळी हकीकत सांगितली.

टेंबे लालबुंद झाले. "मी तुम्हाला बजावलं होतं, बाई! माझी एवढी मेहनत पाण्यात गेली. आता तुलनेला वर्ग कुठून आणू? आणि प्रबंधात काय लिहू, करंजी?"

ते चुकीचं बोलत नव्हते. शालिनीताईंनी ऐकून घेतलं.

"अहो भोइटेबाई," सुधाताई कळवळून म्हणाल्या, "गप्प बसायला तुमचं काय जात होतं? मुली पास झाल्या, तुमचं नाव झालं. आता यादी आली तर मी काय दाखवू?"

"सुधाताई, जे माझ्या वर्गातल्या शिकवण्याने झालंच नाही, त्याचं नाव मी कसं घेऊ? वर्गात त्या मुली मुक्याच होत्या. मीच मुकी आहे, तर त्या कशा बोलतील?" शालिनीताईंनी एकदाचं सांगून टाकलं. "मला इंग्रजी बोलता येत नाही. कधीच आलं नाही."

सुधाताई खिडकीकडे बघू लागल्या. टेंब्यांचा राग तोंडातल्या तोंडात विरला. त्यांनी कागद ओढला आणि शालिनीताईंच्या वर्गावर तांबड्या पेन्सिलीने काट मारली. ती मारताना त्यांनाही बरं वाटलं नसावं, कारण काट वाकडी गेली.

यादी नाताळच्या सुमारास आली. शालिनीताईंचं नाव शिवपुरीला लागलं होतं. "शिवपुरी?" मानसिंगराव म्हणाले. "अहो, हवा फस्ट क्लास आहे तिथली. शिकारीच्या कॅम्पात असताना मला तिथे दुप्पट भूक लागायची." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

हजर व्हायला थोडे दिवस होते. एका मोकळ्या तासाला शालिनीताई राजलक्ष्मीबाईंच्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुझ्या वर्गात बसू का गं मी थोडा वेळ?"

"बाई, तुम्ही? खुर्ची मागवते न."

"खुर्ची नको."

त्या शेवटच्या बाकावर गेल्या. बाक सहावीच्या मुलींसाठी केलेला होता. गुडघे आत मावेनात, म्हणून त्या तिरक्या बसल्या. शेजारच्या मुलीने दप्तर मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली. राजलक्ष्मीबाईंनी पहिल्या बाकापासून प्रश्न विचारायला सुरुवात केली. एकेक मुलगी उठून उत्तर देत होती, बसत होती. शेवटच्या बाकाशी आल्यावर राजलक्ष्मीबाई अडखळल्या आणि नजर चुकवून पलीकडच्या मुलीकडे वळू लागल्या.

पण शालिनीताई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर खांद्यावरून नीट घेतला. शाळेत त्या भोइटेबाई होत्या, घरी सूनबाई. समोर पुस्तक नव्हतं.

"माय नेम," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. राजलक्ष्मीबाई वाट बघत राहिल्या.

"माय नेम इज शालिनी."

"व्हेरी गुड. सिट डाउन," राजलक्ष्मीबाई सवयीने म्हणून गेल्या, आणि शालिनीताई खाली बसल्या.