आर्गिरोची मूठ

लिप्सी बेटाच्या बंदरात शिरताना पांतेलिसला नेहमीच चेव यायचा. धक्क्यावरच्या खानावळीतून चार टाळकी आपल्याकडे बघतायत म्हटलं, की ऑक्टोबरच्या गार वाऱ्यातही हा माणूस शर्टाची बटणं उघडी टाकून सुकाणूशी असा उभा राहायचा, जणू सबंध समुद्र याच्या बापाचा!

"आर्गिरो, दोर घेतलास का?"

"कधीचाच! तुझं मिरवून झालं की सांग, मग उतरू आपण."

तो खो खो हसला. आर्गिरोही हसली, पण तिची नजर धक्क्यावरून हलली नाही. मोसम संपला होता. उद्या शेजारच्या लेरोस बेटावर पोचायचं, क्रेननं होडी उचलून जमिनीवर ठेवायची, की वसंतापर्यंत सुटका. एवढा एकच धक्का नीट पार पडू दे, असं ती सकाळपासून स्वतःशी म्हणत होती.

कारण पांतेलिसचं डोकं दगा द्यायला लागलं होतं. कोसच्या डॉक्टरनं वसंतातच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हळूहळू सगळं पुसत जाणार, आता यांना सुकाणूवर उभं करू नका. तिनं मान डोलावली, घरी आली आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. पोटच्या पोरीपाशीसुद्धा नाही. होडी काढून घेतली तर हा माणूस गॅलरीतल्या खुर्चीत बसून वाळून जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. म्हणून सबंध उन्हाळा दोघांचं डोकं तिनं एकटीनंच चालवलं. "आता शीड उतरवायचं म्हणत होतास ना?" असं विचारायची, म्हणजे त्याला वाटायचं, आपल्यालाच सुचलं. पात्मोसला तो बंदराचं नाव विसरला, तेव्हा तिनं उगाच फलक मोठ्यानं वाचला. आतापर्यंत निभावलं होतं. इतकं छान निभावलं होतं, की पुढच्या उन्हाळ्यात नातवाला, ओरेस्तिसला, आठवडाभर आजोबांबरोबर होडीवर पाठवायचं लेकीनं ठरवून टाकलं होतं, आणि आर्गिरो त्यालाही हो म्हणून बसली होती.

त्यांची होडी लहान. मागून नांगर सोडायचा आणि नाक धक्क्याला लावायचं, ही त्यांची पद्धत. सुकाणू मागे असल्यामुळे पांतेलिसला नाकाखालचा धक्का दिसायचा नाही, म्हणून आर्गिरो पुढच्या टोकाला उभी राहून हातानं खुणा करायची. इंजिनाच्या आवाजात ओरडून काय ऐकू येणार, कपाळ? डावा हात म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे, आणि वर केलेली मूठ म्हणजे थांब, इंजिन उलटं फिरव. उघडा पंजा कधीच नाही. भर धक्क्यावर नवऱ्याला पंजा दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडाला काळं फासणं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. लग्नापासून मूठ ती मूठच.

धक्क्यावर थेमेलिस जाळं दुरुस्त करत बसला होता. यांच्या लग्नात मानाचा साक्षीदार म्हणून दोघांच्या डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल यानंच केली होती, त्यामुळे काहीही बोलायचा हक्क आपल्याला जन्मभरासाठी मिळालाय अशी त्याची समजूत होती.

"या, या! म्हातारा बुडाला नाही का अजून?"

"तुझ्या मयताची कॉफी प्यायची राहिलीय ना!" आर्गिरो ओरडली आणि तिनं दोर फेकला. थेमेलिसनं तो दोन्ही हातांनी झेलला.

होडी जवळ आली. आर्गिरोनं मूठ वर केली.

होडीचा वेग कमी होईना. तिनं मागे वळून पाहिलं. पांतेलिस थेट तिच्याकडेच बघत होता. अगदी प्रेमानं बघत होता. तो हसला आणि त्यानं स्वतःचीही मूठ वर केली, लांबून कुणी ओळखीचं दिसल्यावर करावी तशी.

"थांब! पांतेलिस, थांब!"

ती मागे धावली. पण थेमेलिसचे हात दोरात अडकलेले, म्हणून त्यानं होडीचं नाक थोपवायला पाय पुढे केला. इथला प्रत्येक मच्छीमार हेच करतो, आणि असं करू नकोस म्हणून प्रत्येकाला त्याच्या आईनं लहानपणी बजावलेलं असतं. होडीचं नाक आणि धक्क्याचा दगड यांच्यामध्ये तो पाय सापडला. जो आवाज झाला तो आर्गिरोला इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकू आला.

दवाखान्यात थेमेलिसची बायको आनेझिना भिंतीला टेकून उभी होती. तिच्या एप्रनला पीठ होतं आणि आता रक्तही. लेरोसच्या मोठ्या इस्पितळात न्यायला तिकडून बोट निघाली होती. डॉक्टरीणबाई पायाबद्दल काहीच बोलत नव्हती, त्यावरून सगळ्यांना कळायचं ते कळलं.

"पण झालं कसं?" आनेझिनानं विचारलं.

"हिनं खूण केली नाही," पांतेलिस म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी एकटक हिच्याकडेच बघत होतो गं. हिनं हातच वर केला नाही."

दारातली सगळी माणसं आर्गिरोकडे वळली.

"हो," ती म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

"बाईमाणसाला पुढे उभं केल्यावर दुसरं काय होणार!" मागून कुणीतरी पुटपुटलं. पांतेलिसनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, होतं असं कधी," तो म्हणाला. ती त्या हाताखाली दगडासारखी उभी राहिली.

तेवढ्यात आतून थेमेलिसनं तिला हाक मारली, तशी ती आत गेली. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता.

"मूठ पाहिली मी तुझी."

"थेमेलिस, हळू बोल..."

"का हळू? त्याचं हसणंही पाहिलं. कधीपासून चाललंय हे?"

"वसंतापासून."

त्यानं डोळे मिटले. शिवी देईल असं तिला वाटलं. "आणि बंदराबंदरातून फिरवलंस त्याला? पाय माझा गेला, ठीक आहे, मी म्हातारा आहे. पुढच्या वर्षी नाकावर दोर घेऊन तुझा ओरेस्तिस उभा राहील. तो धक्क्यावर उडी मारेल, आर्गिरो. पोरं उडी मारतातच."

आर्गिरो बाहेर आली. माणसं तिथंच होती.

"आनेझिना, मी खोटं बोलले," ती म्हणाली, आणि आवाज फाटला तरी थांबली नाही. "मूठ वर केली होती मी. त्याला मूठ म्हणजे काय तेच आठवत नाही. मला माहीत होतं. सबंध उन्हाळा माहीत होतं."

आनेझिना तिच्याजवळ आली, तिच्या पायाशी थुंकली आणि नवऱ्याकडे आत निघून गेली. पांतेलिस सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता, पोरांच्या टोळीत एकट्यालाच विनोद न कळलेल्या मुलासारखा.

तिनं तिथूनच लेकीला फोन लावला.

सकाळी बंदरातून निघताना सुकाणू तिनं घेतलं. पुढे थेमेलिसचं जाळं धक्क्यावर तसंच पडलं होतं.

"अगं, बाजूला हो," पांतेलिस म्हणाला. "तू कधीपासून सुकाणू धरायला लागलीस?"

तिनं त्याला सांगितलं. डॉक्टर, मूठ, थेमेलिसचा पाय, सगळं. त्याचा चेहरा एकदम उतरला. "थेमेलिसचा पाय? माझ्यामुळे?" तो पुढे जाऊन तिच्याकडे पाठ करून बसला, आणि त्याचे खांदे हलताना तिला दिसले.

लिप्सी मागे पडलं. वारा भरला, शीड ताठ झालं. लेरोसचे डोंगर दिसू लागले तेव्हा तो उठून मागे आला, डोळे पुसलेले, शर्टाची बटणं उघडी.

"अगं, बाजूला हो," तो हसत म्हणाला. "तू कधीपासून सुकाणू धरायला लागलीस?"

आर्गिरोनं समोर पाहिलं, सुकाणू घट्ट धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.