जावळाचं शूटिंग

फेब्रुवारी २००८ मध्ये, पुण्यातल्या एका दवाखान्यात, मी मामा झालो.

आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. मुलगा झाला नाही, मी मामा झालो नाही आणि माझी थोरली बहीण धनश्री तेवढे महिने पुण्यात होती ती शिवणक्लासला होती. जन्मदाखल्यावर आईचं नाव दुसरं आहे, बापाचं दुसरं आहे आणि मामाचा तर तिथं रकानाच नसतो. तेव्हा ही न झालेल्या गोष्टीची गोष्ट आहे.

मी भिमा. दौंडला राहतो, लग्नाबिग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. लोक रडायला लागले की जवळ जायचं आणि जेवायला बसले की लांब जायचं, एवढंच या धंद्यातलं शिक्षण.

इंद्रजितभाऊ शिरूरचे. मार्केट यार्डात कांद्याचा गाळा, घोडनदीच्या काठाला मळा, घरात दोन माजी सरपंच. ते स्वतः कॅनडात, कॉम्प्युटरमध्ये. बायको सुलक्षणाताई. ताईंची गर्भपिशवी आजारात काढलेली. तिकडच्या कायद्यानं पैसे देऊन दुसऱ्या बाईच्या पोटात मूल वाढवता येत नाही, म्हणून दोघांनी इंटरनेटवर जग पालथं घातलं. अमेरिका महाग निघाली. युक्रेनची भाषा कळेना. शेवटी पुण्याचा दवाखाना ठरला आणि दवाखान्यानं त्यांच्यापुढं बाई आणली ती दौंडची. सात समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला मूल मिळालं शेजारच्या तालुक्यात. एस.टी.नं न्हावऱ्यावरून आला असता तरी भागलं असतं.

दवाखान्यातल्या मॅडमनी आमच्या आईला, बयाबाईला, तासभर समजावलं. बीज त्यांचं, पोट फक्त आपलं. आईचा बाप मेंढरं घेऊन नगरपर्यंत हिंडलेला. ती म्हणाली, "कळलं की. आजवर आपली मेंढरं त्यांच्या रानात बसायची. आता त्यांचं कोकरू आपल्या रानात बसणार."

मॅडमनी हे इंग्रजीत लिहून घेतलं नाही.

अक्काला, म्हणजे धनश्रीला, पक्कं घर बांधायचं होतं. दाजींची कुरकुंभची कंपनी सहा महिने चालू, सहा महिने बंद. दोघांनी सह्या केल्या. पण सही करण्याआधी अक्कानं एक अट घातली.

"मला मूल नको. माझी पोरगी मला हाय. दूध पाजू नको म्हणाला तर न्हाई पाजणार. पर त्याचं जावळ माझ्या भावाच्या मांडीवर काढायचं, आपल्या बिरोबाच्या दारात. तवा मी त्याला एकदा बघंन. मग न्या कॅनडाला न्हाईतर कुठं बी."

पोराचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात, हे इंद्रजितभाऊंना सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, "नक्की. अकराव्या महिन्यात घेऊन येतो."

नक्की या शब्दावर आमच्या आईचा भरवसा नाही. तिनं कंबरेची पिशवी सोडली, बिरोबाचा भंडारा काढला आणि भाऊंच्या तळहातावर ठेवला. भंडारा उचलून शब्द दिला की आमच्यात तो मोडत नाहीत. भाऊंनी उचलला. वर कपाळालाही लावला, जे कुणी सांगितलं नव्हतं.

तरी आईला चैन पडेना. मूल दोन आयांचं. उद्या कुणी विचारलं, हा मामा कुठून आला? म्हणून त्या श्रावणात, अक्काला ठेवलं होतं त्या दवाखान्याच्या हॉस्टेलात, तिनं सुलक्षणाताईंच्या हातून मला राखी बांधून घेतली. एका हाताला अक्काची, एका हाताला ताईंची.

"आता कोर्ट म्हणालं आई ही, तरी मामा हाच," आई म्हणाली. "म्हणालं आई ती, तरी मामा हाच. आता ब्रह्मदेव आला तरी सुटका न्हाई."

ताई रडल्या. म्हणाल्या, "भिमा, मला सख्खा भाऊ आहे, पण वर्षात एकदा फोन करतो. तूच खरा." मी जवळ गेलो. सवय.

बाळंतपण झालं तेव्हा अक्कासमोर हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडं मूल रडलं, ते रडणं हळूहळू लांब गेलं आणि दार लागलं. दवाखान्याचा नियम होता. तीन महिने भाऊ आणि ताई पुण्यात मूल घेऊन राहिले, रक्त तपासून घेतलं, कागद केले आणि गेले. अक्का म्हणाली, "जाऊ दे. अकराव्या महिन्यात येत्याल." तिनं एक झबलं शिवलं. शिवणक्लासची बातमी निदान तेवढ्यापुरती खरी झाली.

दहावा महिना लागला आणि ताईंचा फोन आला. कॅनडात बर्फ पडलाय. विमानं बंद आहेत. या वर्षी जमत नाही, पुढं बघू.

"बर्फ किती दिस ऱ्हातोय?" आईनं विचारलं.

"मार्चपर्यंत," मी म्हणालो.

"मग तेरावा महिना. तोबी विषमच हाय. चालंल." आईनं बर्फालासुद्धा तिथीत बसवलं.

डिसेंबरात आमचे शेठ सोपानराव म्हणाले, "भिमा, शिरूरला एक जावळ हाय. तिथला शूटिंगवाला आजारी पडलाय. इनामगावच्या रस्त्याला मळा हाय. दोन कॅसेट घे, मोठं घराणं हाय."

मी गेलो. मांडव, झालर, आचारी, गाद्या. कॅमेरा चालू केला की आधी रंग जुळवायला पांढरी वस्तू लागते. मी पांढरं काहीतरी शोधत कॅमेरा फिरवला आणि समोर इंद्रजितभाऊ आले. मला बघून त्यांचा चेहरा पुरेसा पांढरा झाला. रंग जुळला.

मी म्हणालो, "बर्फ वितळला का, भाऊ?"

त्यांनी मला दंडाला धरून पाण्याच्या टँकरमागं नेलं.

"तू इथं कसा?"

"एस.टी.नं. तुम्ही?"

"हळू बोल. आईला काही माहीत नाही. तिला वाटतंय सुलक्षणाच बाळंत झाली, कॅनडात."

"भंडारा उचलला व्हता तुम्ही."

"अरे, ती एक वेळ असते, माणूस भावनेच्या भरात काहीही उचलतो. अ‍ॅग्रीमेंटमध्ये होतं का ते?"

"अ‍ॅग्रीमेंटमध्ये बर्फबी नव्हता."

त्यांनी टँकरचा ठिबकणारा नळ घट्ट केला. मग फार समजूतदार आवाजात म्हणाले, "भिमा, आमचं गाव तुला माहितीये. या मांडवात तुला मामा म्हणून बसवलं तर माझी आई पोराला परत जवळ घ्यायची नाही. आणि तू बोललास तर तुझ्या बहिणीचं काय? तिच्या सासरी काय सांगितलंय? शिवणक्लास ना?"

धमकी असती तर मला काहीतरी सुचलं असतं. पण ते काळजीनं विचारत होते.

आम्ही परत आलो. ताई मूल घेऊन बसल्या होत्या. मूल गोरंपान, डोकं केसांनी भरलेलं. ताईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या दोन्ही मनगटांकडं बघितलं. मग शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ते शूटिंगवाले आहेत ना, त्यांना कुणी चहा दिला का?"

मला चहा मिळाला. बिस्किटंही मिळाली.

न्हाव्यानं वस्तरा पुसला, इकडंतिकडं बघितलं आणि ओरडला, "मामा कोण हाय? मामानं म्होरं या."

मी एक पाऊल पुढं टाकलं. पाय माझा होता, पण मी त्याला सांगितलं नव्हतं.

भाऊंची आई साळूबाई मोठ्यांदा हसली. "अगं बया! तू न्हवं रं! मामा मागं ऱ्हायला, शूटिंगवाला म्होरं!" सगळा मांडव हसला. इंद्रजितभाऊही हसले. ताईंनी पदर नीट केला. मागून जोधपुरी कोटातला एक माणूस कानाचा फोन न काढता आला आणि मांडी घालून बसला. हाच तो वर्षात एकदा फोन करणारा. त्या वर्षीचा फोन बहुतेक तेव्हाच चालू होता.

"शूटिंगवाल्या, मामाचं तोंड नीट घे," साळूबाई म्हणाल्या.

मी घेतलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्थिर शूटिंग तेच. आत्यानं परकर-पोलक्याच्या कापडात केस झेलले. मूल रडायला लागलं, तसा मी जवळ गेलो. मनात एकच हिशोब होता: अक्काला मूल दाखवता येणार नाही, पण कॅसेट दाखवता येईल. टाळू घेतली, कानाची पाळी घेतली, उजव्या पायाचा अंगठा घेतला. पाहुण्यांना वाटलं, पोरगं नवीन आहे, अंगठ्याचं शूटिंग करतंय.

केस घोडनदीत सोडून मंडळी जेवायला बसली. मी लांब गेलो. बॅग भरत होतो, तेवढ्यात भाऊ आले आणि हात पुढं केला.

"कॅसेट दे. दोन्ही. सोपानरावांशी बोललोय मी. घरचा कार्यक्रम आहे, कॉपी बाहेर नको."

"ही एकच द्या, भाऊ. अक्कानं त्याला अजून बघितलंच नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले. "आता बघून तिलाच त्रास होईल."

त्यांनी कॅमेऱ्यातली कॅसेटसुद्धा स्वतः काढली. कॉम्प्युटरमधला माणूस, बटण लगेच सापडलं.

दिवस मावळायच्या आत दौंडला आलो. अक्का माहेरी आलेली, ओट्यावर लसूण सोलत होती. मी सगळं सांगितलं. बर्फापासून चहापर्यंत. आईनं भंडाऱ्याची पिशवी कंबरेतून काढली आणि खुंटीला अडकवली. ती कंबरेतून निघालेली मी पहिल्यांदा बघितली.

अक्कानं हातातला लसूण खाली ठेवला. मग म्हणाली, "कुणाच्या मांडीवर बसवला?"

"ताईंच्या भावाच्या."

"रडला?"

"लई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. एक कुडी सोलून झाली. तशीच खाली बघून म्हणाली, "कुठंतरी अर्ज कर की रं. तुला लिहाय येतं."

केला. खाली दिला आहे.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब, शिरूर.

विषय: झालेले जावळ रद्द होणेबाबत.

महोदय, अर्जदार हा सदर बालकाचा दोन्ही आयांकडून मामा असून, अर्जदार कामावर हजर असताना बालकाचे जावळ परक्या मांडीवर काढण्यात आले आहे. तरी सदर जावळ रद्द समजण्यात यावे. घोड नदीत सोडलेले केस शासकीय खर्चाने गोळा करून बालकाच्या डोक्यावर पूर्ववत बसवावेत. बालकास कॅनडाहून दौंड येथे हजर करून, बिरोबाच्या दारात, सौ. धनश्री हनुमंत यांच्या समक्ष, पडदा न लावता, ते पुन्हा काढावेत. या कामास जो काही वेळ लागेल, तेवढ्या काळापुरते सदर बालकाने मोठे होऊ नये, असे आदेश संबंधितांस व्हावेत, ही नम्र विनंती.