आठाने भागायचं राहिलं

थोरला धाकट्याला लहानपणापासून पाण्यात पाहायचा, आणि त्याबद्दल त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. आई होतीच धाकट्याची. ती राहायची थोरल्याकडे, औषधं द्यायचा थोरला, आणि दाराची बेल वाजली की तिची मान वळायची ती धाकटा आला का हे बघायला.

दोघा भावांचा मिळून शूटिंग-एडिटिंगचा स्टुडिओ होता. धाकटा कॅमेरा चालवायचा आणि कौतुक गोळा करायचा. थोरला आतल्या खोलीत मशिनं, वायरी, सर्व्हर सांभाळायचा. स्टुडिओ फुटला तेव्हा मामांनी मध्ये बसून वाटण्या केल्या. जागा आणि मशिनं थोरल्याला, कॅमेरे आणि गिऱ्हाइकं धाकट्याला. सर्व्हरवर धाकट्याची एकच गोष्ट उरली होती, आणि तिच्यात त्याचा जीव होता: आईचं बोलणं.

झटका येऊन आईची वाचा गेली, त्याआधी काही वर्षं धाकटा तिला खिडकीशी बसवून बोलतं करायचा. तिचं माहेर, तिची पहिली नोकरी, शेजारणींच्या नकला, सगळं त्यात होतं. थोरल्याने ते एडिटिंगच्या टेबलावर पाहिलं होतं. तासन् तास धाकट्याचं कौतुक, आणि थोरल्याचं नाव बिल भरायच्या गोष्टीत एकदा. त्या दिवसापासून तो पेटलाच होता.

सर्व्हर विकला गेला होता. रविवारी सकाळी दहा वाजता त्यावरचं सगळं पुसून तो नव्या मालकाच्या माणसाकडे द्यायचा, असं मामांसमोर ठरलं. धाकट्याला स्टुडिओत पाऊल टाकू द्यायला थोरला तयार नव्हता. हवं ते घरी बसून नेटवरून ओढून घे, म्हणाला. बुधवारी सकाळीच त्याने लाइन खुली करून दिली आणि फोनवर विचारलं, कधी लावतोस?

"शनिवारी संध्याकाळी. चार टेराबाइट आहे आणि माझी लाइन शंभराची. अकरा तासांत खाली येतं. तोवर एक शूट उरकतो."

हा हिशेब आठपट चुकला होता. डिस्कवरचा माल मोजतात बाइटमध्ये आणि नेटची लाइन बिटमध्ये, आणि एका बाइटला आठ बिट लागतात. शंभराची लाइन सेकंदाला शंभर मेगाबाइट आणत नाही, जेमतेम साडेबारा आणते. अकरा तासांचं म्हणून धरलेलं काम पावणेचार दिवसांचं होतं. त्याच घटकेला लावलं असतं तर रविवारपर्यंत सगळं आलं असतं. धाकट्याच्या ते डोक्यातही आलं नाही, कारण वायरींची कटकट आजवर थोरल्याच्या गळ्यात असायची. थोरल्याला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"बरोबर आहे तुझं," थोरला म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी धाकट्याने ओढायला लावलं, पण त्याच्या बायकोला राहवलं नाही. तिने भावजींना फोन करून विचारलं, एका रात्रीत होईल ना? भावजी गोड आवाजात म्हणाले, त्याने हिशेब केलाय ना, मग झोपा निवांत. आणि ती बिचारी झोपलीही.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन धाकटा कॉम्प्युटरसमोर बसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सहावा हिस्सासुद्धा आला नव्हता. जे आलं होतं ते नुसतं चित्र. त्यांच्या कामात आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा अशी रीत, आणि कॅमेऱ्याचा माइक तर धाकटा बंदच ठेवायचा. आवाजाचं फोल्डर रांगेत सगळ्यात शेवटी होतं. लहान आहे, चुटकीसरशी येईल, असं तो समजला होता. दहाला थोडीच मिनिटं होती.

त्याने थोरल्याला फोन लावला. आधी तो चिडला, मग गयावया करू लागला.

"दादा, चित्र जाऊ दे सगळं. नुसता आवाज दे. दोन तास थांब."

"मामांसमोर शब्द दिलाय. माणूस दारात उभा आहे."

माणूस खरंच उभा होता, पण त्याला कसलीही घाई नव्हती. थोरल्याने त्याला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, लाइन बंद केली आणि सर्व्हर पुसायला लावला.

आईला मात्र सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की रविवारी तुझं बोलणं तुला ऐकवू. संध्याकाळी थोरल्याच्या घरी मामा आले, धाकटा आणि त्याची बायको आली. आई ठेवणीतलं पातळ नेसून टीव्हीसमोर बसली होती. आता तिला काय सांगायचं, हे धाकट्याला सुचेना. जेवढं आलं होतं तेवढं त्याने लावलं आणि तिचा हात धरून शेजारी बसला.

पडद्यावर आई हसली, हातवारे करत बोलायला लागली. आवाज नव्हता. आईने बोटाने खूण केली, वाढव. थोरल्याने रिमोट घेऊन आवाज वाढवला. तिने पुन्हा खूण केली. त्याने पुन्हा वाढवला, शेवटच्या आकड्यापर्यंत. मामा खाली बघत राहिले. आईने थोरल्याकडे वळून, का, असं नजरेनेच विचारलं.

"आवाज गेला, आई," थोरला शांतपणे म्हणाला. "आता मिळणार नाही. बुधवारपासून लाइन खुली होती, ह्याने शनिवारपर्यंत हात लावला नाही. शूट होतं म्हणे त्याचं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. आईने धाकट्याच्या हातातून आपला हात काढून घेतला.