फडकं सुटलं तेव्हा

आमच्या बेटावर "नको" या शब्दाला काडीची किंमत नाही. कुणी पपयांची पिशवी घेऊन आलं की तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायची. पहिल्याच नकोला जो थांबतो त्याला आम्ही अडाणी म्हणतो. साठ वर्षं मीही असंच नको-नको करत आले, तेव्हा दोष तरी कुणाला देऊ?

बंदराच्या वरच्या अंगाला माझं मासळीचं खळं आहे. बारीक मासळी मिठाच्या पाण्यात उकडायची आणि चाळण्यांवर पसरून वाळवायची, एवढंच काम. दोन वर्षांपूर्वी श्यू-चिन काम मागायला आली. तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती आणि उजव्या हाताची करंगळी वाकडी जुळलेली होती. मी काही विचारलं नाही. महिन्याभराने तिनेच सांगितलं. नवरा समुद्रापलीकडे काओशुंग शहरात होता, बोट त्यानेच मोडलं होतं. एकदा ती बहिणीकडे पळाली तर तिथून त्याने केसांना धरून ओढत नेलं. पुन्हा गेलीस तर जिवंत ठेवणार नाही, असं म्हणाला. "जेवताना म्हणाला, मावशी. अगदी शांतपणे," तिने सांगितलं. पोलिसांकडे ती दोनदा गेली होती; दोन्ही वेळा समजूत घालून तिला घरी धाडलं होतं. मी कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं.

आमच्याकडे लपणं सोपं. ऑक्टोबरात वारा सुटतो तो मार्चपर्यंत खारं पाणी तोंडावर मारत राहतो, आणि उन्हाळ्यात ऊन कातडं सोलतं. म्हणून कामाच्या बायका बारा महिने टोपीखाली फडकं गुंडाळतात, नुसते डोळे तेवढे उघडे. पर्यटकांना आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो. श्यू-चिनने पहिल्याच दिवशी माझ्याकडून फडकं मागून घेतलं. आंघोळ-जेवण सोडलं तर ते कधी सुटलं नाही.

मग आले लाई सर. शाळेतले बदली शिक्षक, मिसरूड फुटल्यासारखं वय आणि गळ्यात कॅमेरा. खळ्यात फोटो काढू का म्हणाले आणि परवानगीचा एक कागद पुढे केला. आम्ही कागद वाचत नाही, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारतो. टपाल आलं मार शिक्का, शाळेत मासळी पोचली मार शिक्का. फडकी बांधलेल्या बायकांच्या फोटोत काय जातंय, म्हणून मी बाहीला पुसून शिक्का उमटवला. तो माझ्या हाताने उमटवला, हे मला मरेपर्यंत विसरता येणार नाही.

त्या दुपारी वारा असा आला की दोन चाळण्या उडाल्या आणि त्यांच्यामागोमाग श्यू-चिनचं फडकं. दोन्ही हातांत तिसरी चाळणी, त्यामुळे तोंड झाकायलाही हात नाही. आकाशातून मासळीचा पाऊस पडत होता आणि ती हसली. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. लाई सरांनी ते बरोबर टिपलं. फोटो उत्तम होता, हेच तर दुखणं.

तो त्यांनी 'सागरकाठ' मासिकाच्या स्पर्धेला पाठवला. तिथे परीक्षक वगैरे नव्हते, लोकांनीच मतं द्यायची, दर मोबाईलवरून रोज एक मत, दोन आठवडे. ज्याला जास्त मतं तो मुखपृष्ठावर, आणि त्याचाच मोठा फलक प्रत्येक बंदरावर. आमच्या फोटोचा नंबर सत्तावीस. मला हे कळलं ते आमच्या गावप्रमुखांच्या भोंग्यातून. हुंग प्रमुख चार निवडणुका जिंकलेत. मतदान म्हटलं की त्यांचे हात आपोआप जोडले जातात. सकाळी आठला त्यांची गाडी ओरडत निघाली की सत्तावीस नंबर, आपल्या गावची लेक, रोज एक मत, कृपा करा.

मी चुलीवरची मासळी तशीच टाकून धावले. मी म्हटलं, "हे थांबवा. तिला नको आहे."

"यिन-हुआ वहिनी, तुमचं हे नेहमीचंच. मागच्या वर्षी देवळाच्या समितीवर घेतलं तेव्हाही नको-नकोच म्हणत होतात."

ते खरं होतं. तेव्हा माझ्या मनातून हवंच होतं. आता खरं कारण सांगावं तर हुंग प्रमुखांच्या पोटात काही राहत नाही, आणि वर भोंगा. मी तोंड बांधल्यासारखी परत आले.

लाई सर बिचारे चांगले. तिला नको आहे म्हटल्यावर कानापर्यंत लाल झाले आणि त्याच दिवशी मासिकाला लिहिलं. उत्तर आलं की मतदान सुरू झाल्यावर फोटो मागे घेता येत नाही. फोटोतल्या व्यक्तीची हरकत असेल तर तिने पूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्र पाठवून कळवावं. श्यू-चिनने ते उत्तर दोनदा वाचलं. "नाव-पत्ता मीच लिहून द्यायचा म्हणजे त्याचं कामच सोपं," ती म्हणाली आणि चाळणी झटकायला लागली.

मग मला जे सुचलं ते मी केलं. चौदा नंबरला एक बोकड होता, टेकडीवर उभा. रोज मी त्याला मत दिलं. एका मताने काय होणार? म्हणून पलीकडच्या वस्तीत गेले, दारोदार फिरले, बोकडाला मतं द्या म्हणून विनवलं. त्या बायकांनी मला चहा पाजला आणि म्हणाल्या, किती मोठं मन यिन-हुआ तुझं, स्वतःच्या खळ्याचा फोटो असून दुसऱ्यासाठी फिरतेस, काळजी करू नकोस, आम्ही सगळ्यांनी सत्तावीसलाच दिलंय. मी घरी येऊन रडले. माझ्या पायपिटीने सत्तावीसची मतं वाढली होती.

निकाल लागला तेव्हा देवळापुढे फटाके वाजले. श्यू-चिन मोबाईल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. फोटोखाली शेकडो लोकांनी काय काय लिहिलं होतं, किती गोड, किती निर्मळ. तिने बोट एका ओळीवर ठेवलं. नाव नव्हतं. फक्त लिहिलं होतं, "केस वाढवलेस."

वाऱ्यामुळे तीन दिवस बोट बंद होती. तो येऊ शकत नव्हता, आणि तीही जाऊ शकत नव्हती. तिने पिशवी भरून दारामागे ठेवली. चौथ्या दिवशी वारा पडला. ठरलं असं की तिने खळ्यातच थांबायचं, उतारू उतरून पांगले की मी येऊन सांगायचं, मग तिने त्याच बोटीने निघायचं. मला तो चेहऱ्याने माहीत नव्हता. तिच्याकडे त्याचा फोटो कशाला असेल?

धक्क्यावर सगळा गाव होता. मासिकाची माणसं येणार म्हणून कापडी फलक लावलेला, हुंग प्रमुखांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. मी प्रत्येक उतरणाऱ्या माणसाकडे पाहत होते. शेवटी एक जण उतरला. नीटनेटका, केस विंचरलेले, हातात अननसाच्या केकचा डबा. प्रमुखांपुढे वाकून हळू आवाजात बोलला.

"मी खास तिला भेटायला आलोय. रोज सत्तावीसलाच मत दिलं."

प्रमुखांना आनंद आवरेना. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मी मध्ये घुसले.

"ती इथे नाही," मी म्हटलं. "गेली ती."

"या आमच्या खळ्याच्या मालकीणबाई," प्रमुख त्याला हसून म्हणाले. "तीनदा नको म्हटल्याशिवाय यांचं होय निघत नाही."

मी दुसऱ्यांदा सांगितलं, ती नाही. तिसऱ्यांदा सांगताना आवाज फुटला. बायका हसल्या, किती लाजते म्हणाल्या. तो माणूसही हसला, शांतपणे. चौथ्यांदा मी नुसती प्रमुखांची बाही धरून ठेवली. त्यांनी माझा हात मायेने थोपटला, बाजूला केला आणि "चला, मीच दाखवतो," म्हणत त्याला घेऊन चढ चढायला लागले. अर्धा गाव मागे निघाला.

खळ्यातून खाली उतरायला दुसरी वाट नाही.