डब्यातला पंजा

पारूबाईनं येसराचा डबा उघडला आणि झाकण बाजूला टाकून ती आत वाकली. चमचाभर येसर गेलं असतं तर शिव्या घालून ती मोकळी झाली असती. पण आत उमटलेला पंजाच परका होता.

अर्धापुरात कुणाच्याही लग्नाची आमटी असो, भाजून दळलेला तो मसाला पारूबाईच्याच हातचा लागायचा. डबा लावताना ती वरून येसर सपाट करायची आणि त्यावर आपला उजवा पंजा दाबून ठेवायची. सासूची शिकवण. कुणी आत हात घातला की पंजा मोडलाच समजा. कुलपाला दुसरी किल्ली करता येते, पंजा कुठून करून आणाल?

आणि पारूबाईचा पंजा केवढा, तर भाकरी थापायला लागली की परातच दिसू नये. हा डब्यातला मात्र चिमणा, सुकलेला, करंगळी बाहेर वाकडी. म्हणजे कुणीतरी येसर काढून वर शहाणपणानं आपला हात उमटवला होता.

"लुंबिनी, हात दाखव गं."

सून शाळेत शिकवायला निघाली होती. "आत्याबाई, गाडी जाईल माझी."

"जाऊ दे. दाखव."

लांबसडक बोटं. जुळेना. तेवढ्यात शेजारची कोंडाबाई विरजण मागायला आली, तिचाही हात पारूबाईनं धरून डब्यावर नेला. तो गुबगुबीत.

कोंडाबाई भडकली. "तुझं येसर मी चोरीन व्हय? करपट लागतंय ते! लोक तुझ्या तोंडाला भिऊन बोलत न्हाईत, एवढंच."

ती विरजण न घेताच गेली. लुंबिनी दारातच थांबली होती.

"आधी तुपाची बरणी मोजलीत, मग माझी पिशवी तपासलीत, आता हात मोजायलात. लातूरला बदली मिळायलीय मला. आज सांजच्याला हो म्हणून कळवते, अन् ह्यांना बी घेऊन जाते. तुम्ही बसा डबा राखत."

एकुलता एक मुलगा आनंदराज. तो गेल्यावर या घरात काय उरणार? पण जाऊ नको म्हणाली असती तर ती पारूबाई कसली.

घर सामसूम झालं, तशी तिच्या मनात खरी भीती शिरली. डबा असायचा कोठीत, अन् कोठीची किल्ली तर तिच्याच कमरेला. ह्या दोघी न्हाईत, मग आत आलं कोण? चोराच्या पंजाशेजारी आपला पंजा उमटवावा, फरक डोळ्यांनी बघावा, म्हणून तिनं हात खाली नेला. डब्यात शेजारी जागाच नव्हती. हात त्या खुणेवरच टेकला, आणि जुन्या चपलेत पाय जावा तसा आत बसला. करंगळीसकट.

तिनं हात झटकन काढून उजेडात धरला. हा कधी एवढुसा झाला? अन् करंगळी कुणी वाकवली?

मग काल आनंदराज जेवताना म्हणालेला आठवला. "आई, आमटी झकास झालीय आज." ती हसली होती. पण आमटी केल्याचं काही केल्या आठवेना. किल्ली लावल्याचं आठवेना, डबा उघडल्याचं आठवेना. पदराला मात्र येसराचा पिवळट डाग होता. मग तिचेच हात-पाय घेऊन घरात वावरली ती कोण होती? अन् आता डाग बघतेय ती तरी नक्की कोण? तिनं आरशाकडं जायचं टाळलं.

लुंबिनी शाळेतून आली तेव्हा पारूबाई डबा मांडीशी घेऊन बसली होती.

"चोर घावला."

"कोण?"

"हाय एक म्हातारी. घरातलीच. लई बेरकी. मला बी पत्ता लागू देत न्हाई."

लुंबिनीला कळायला क्षणभर लागलं. तिनं खांद्यावरची पर्स हळूच खाली ठेवली.

पारूबाईनं येसर सपाट केलं आणि डबा पुढं सरकवला. "तुझा पंजा दाब. मोडलेला दिसला तर मला धर."

"अन् तुम्ही भांडायला लागलात तर?"

"भांडणारच. तू ऐकू नको."

लुंबिनीनं हात दाबला. "मग लातूरला न्हाई म्हणून कळवावं लागंल. ह्या म्हातारीवर नजर कोण ठेवंल?"

पारूबाईनं झाकण लावलं, कोठीला कुलूप घातलं. किल्ली सुनेपुढं धरली, आणि लगेच मागं ओढून पुन्हा कमरेला खोचली.